भांडं आतून पांढरं हवं

तारीख ४ डिसेंबर १९७२, वार सोमवार. रक्कम एकतीस रुपये. हजर: बोर्डिंगच्या समितीचे अध्यक्ष आण्णा, कोठी सांभाळणारा मी, आणि चौकटीबाहेर पदराला हात पुसत उभी असलेली स्वयंपाकीण कोंडाबाई. रक्कम सात पितळी भांड्यांच्या कल्हईची होती. पाच मोठी पातेली प्रत्येकी पाच रुपये, दोन लहान प्रत्येकी तीन. आण्णांनी कागद वाचला, घडी घातली आणि माझ्याकडे परत दिला.

"पाडव्याला बघू," ते म्हणाले.

पाडवा एप्रिलात होता.

या अंकाच्या संपादकांनी मला लिहायला सांगितलं आहे ते स्वयंपाकघर थोड्या पैशात, घरच्याच वस्तूंनी स्वच्छ कसं ठेवावं याविषयी. ते काम मी बरीच वर्षं केलं, तेव्हा त्यावर बोलायचा मला अधिकार आहे असं मी मानतो. युक्त्या सांगतो. सगळ्या करून पाहिलेल्या आहेत आणि जवळजवळ फुकटच्या आहेत. पण त्यांतली एक भलत्या जागी गेली तर काय होतं तेही सांगायला हवं. नुसत्या युक्त्या सांगून थांबलो तर ते अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

आमचं बोर्डिंग पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात होतं. गावाचं नाव घेत नाही, कारण यातली बरीच माणसं अजून तिथेच राहतात. साठ मुलं होती. दिवाळी झाली की बहुतेकांचे आईबाप ऊस तोडायला कारखान्यांवर जायचे ते उन्हाळ्यातच परतायचे. मुलं शाळेसाठी मागे राहायची आणि आमच्याकडे जेवायची. सरकारकडून डोईमागे अनुदान यायचं, कमी पडेल ते समिती गोळा करायची. धान्य मोजून घ्यायचं, मोजून काढून द्यायचं आणि स्वयंपाकघराच्या स्वच्छतेवर नजर ठेवायची, एवढं माझं काम. मुलं मला तात्या म्हणायची, म्हणून गावही तात्या म्हणायचं.

आता युक्त्या. भांडी घासायला राख. गोवरीची राख मऊ असते, बाभळीची जरा खरखरीत. दोन्ही चाळून घ्याव्यात, नाहीतर अर्धवट जळालेला कोळसा ओरखडे काढतो. तेलकट भांडं असेल तर राखेत रिठ्याचं पाणी कालवावं. हातात धरायला वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. कुंपणावर एक वेल चढवला की वर्षभराच्या जाळ्या होतात, विकतचा काथ्या लागत नाही. कोळून झालेली चिंच टाकू नये, मिठात मळून ठेवावी, पितळ बाहेरून उजळायला ती पुरते. धान्याच्या कणगीत कडुलिंबाचा पाला घालावा, पण सावलीत वाळवलेला. मुंग्यांच्या वाटेवर हळद. झुरळं भिंतीच्या भेगांत राहतात, म्हणून भेगा चुन्याने बुजवाव्यात आणि झोपायच्या आधी मोरी कोरडी करावी. झुरळाला अन्न नसलं तरी चालतं, ओल नसली की ते घर सोडतं. काठवट आणि पोळपाट सारखे धूत बसू नयेत, उन्हात घालावेत. चुलीला रोज पोतेरं फिरवावं. आणि मोरीचं पाणी वाया न घालवता झाडाच्या आळ्यात सोडावं. आमच्या मोरीवर शेवगा होता. राखेच्या पाण्यावर तो इतका माजला होता की शेंगा काढायला मुलांना छपरावर चढावं लागायचं.

या शेवग्यावरून एक आठवलं. दुष्काळाच्या आधी एकदा नगरहून एक विक्रेता भांडी घासायच्या पावडरीचे डबे घेऊन आला होता. त्याने साऱ्या मुलांसमोर एक काळं कुळकुळीत पातेलं घासून दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आण्णा खूश झाले आणि दोन डबे ठेवून घेतले. पंधरवड्यात कोंडाबाईच्या बोटांना चिरा पडल्या आणि शेवग्याची पानं पिवळी होऊन गळायला लागली. विक्रेता पुन्हा आला तेव्हा तिने त्याच्यापुढे दोन्ही हात धरले.

"दादा, तुमची मालकीन कशानं घासती?"

माणूस सरळ होता. म्हणाला, "राखेनंच, मावशी." त्याला चहा दिला आणि डबे परत केले. शेवगा पुढच्या वर्षी पुन्हा फुटला.

कोंडाबाई विधवा होती. नवरा गेल्यावर काही वर्षं नगरला एका खाणावळीत हाताखाली राबून ती परत गावी आली होती. पितळेच्या भांड्यात शंभर माणसांचं कसं शिजवायचं हे तिला तिथेच कळलं. गावातल्या घरांत पितळ म्हणजे रुखवतात मांडायची वस्तू. रोजचा स्वयंपाक मातीच्या नाहीतर जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्यात व्हायचा. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिच्यावरच सगळं फिरलं.

पितळेत आंबट पदार्थ ठेवला तर तो कळकतो. हिरवट होतो, तोंडात तांब्याच्या नाण्यासारखी चव येते आणि पोटात गेला की पोट उलटतं. म्हणून भांड्याला आतून कथिलाचा पातळ मुलामा देतात, ती कल्हई. कल्हईवाला भांडं भट्टीवर तापवतो, नवसागराची चिमूट टाकतो, पांढरा धूर उठतो, मग कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ते आतून फिरवतो. बघता बघता पिवळं भांडं आतून चांदीसारखं पांढरं होतं. मुलामा कागदापेक्षा पातळ असतो. मऊ राखेने घासलं तर तो वर्षभर टिकतो.

पण बहात्तर साली राख चालेना. आधीची दोन वर्षं पाऊस ओढलाच होता, त्या वर्षी तो आलाच नाही. विहिरी तळाला गेल्या. बोर्डिंगला टँकरचं पाणी दिवसाला दोन पिंपं मिळायचं. पिण्याचं आणि शिजवण्याचं बाजूला काढलं की भांड्यांच्या वाट्याला दोन हंडे उरायचे. राखेने घासलेलं भांडं नीट विसळावं लागतं, नाहीतर राखेचा थर भाकरीला लागतो. तेव्हा कोंडाबाईने आणि मी मिळून ओढ्यातली वाळू आणली. वाळूने कोरडं घासायचं, भांडं पालथं करून थापटायचं, फडक्याने पुसायचं. वाळू झडून जाते, पाणी जवळजवळ लागत नाही. त्या वर्षी आसपासच्या सगळ्याच स्वयंपाकघरांत हेच चाललं होतं. दोन हंड्यांतला एक वाचायला लागला आणि तो मुलांच्या अंघोळीला मिळायला लागला. त्यांच्या अंगावरची खरूज त्याने कमी झाली.

वाळूने पाणी वाचलं, पण कल्हई गेली. दसऱ्यापर्यंत पातेल्यांच्या तळाला पिवळे डाग दिसायला लागले आणि नोव्हेंबर संपता संपता भांडी आतून साफ पिवळी झाली. कोंडाबाई एका हातात कंदील आणि दुसऱ्या हाताने पातेलं तिरकं धरून मला दाखवायला आली. म्हणून तो एकतीस रुपयांचा कागद.

आण्णांनी तो परत दिला याचा मला तेव्हा राग आला नाही. त्या महिन्यात त्यांनी स्वतःचा एक बैल विकून बोर्डिंगचं सरपण भरलं होतं. पैसे नव्हते. कोंडाबाई बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "पाडव्यापतुर आंबट काय बी ह्या भांड्यात करायचं न्हाई, तात्या. मी गाडगी आनते." बाजारातून तिने सहा मोठी मातीची गाडगी आणली. डाळ कधीच परवडेनाशी झाली होती, भाजी दिसत नव्हती. रेशनवर मिळणारी परदेशी तांबडी ज्वारी, म्हणजे मिलो, आणि चिंचेचं सार, हेच रोजचं जेवण. मिलोची भाकरी कोरडी, नरड्याखाली उतरत नाही, तेव्हा साराशिवाय गत्यंतर नव्हतं. सार गाडग्यांत व्हायचं. गाडगी धुराने काळी पडली, पण सार गोड राहिलं. डिसेंबर गेला, संक्रांत गेली. एकाही मुलाचं पोट दुखलं नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निरोप आला की अनुदान चालू ठेवायचं की नाही हे ठरवायला साहेब येणार. गुरुवारी, पंचविसाला. निरोप आला तो मंगळवार होता. तालुक्यातली दोन बोर्डिंगं अस्वच्छतेच्या शेऱ्यावरून बंद झाल्याची बातमी आण्णांच्या कानावर होती. खरी की खोटी मला माहीत नाही. पण आमचं बंद झालं असतं तर साठ मुलं कुठे गेली असती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. घरांना कुलपं होती.

दोन दिवस आम्ही स्वयंपाकघर उकरून काढलं. भिंतींना चुना दिला, जमीन सारवली, कोपऱ्यांतली जाळी काढली. मुलांनी वाळूने आणि चिंचेने पातेली घासली, आतून आणि बाहेरून. बुधवारी संध्याकाळी आण्णा बघायला आले. पातेल्यात डोकावून म्हणाले, "सोन्यासारखं झालंय की."

कोंडाबाई चुलीजवळून म्हणाली, "आण्णा, सोनं दिसतंय तेच वाईट हाय. आतनं पांढरं पायजे."

"अगं, पिवळ्या पितळेला पांढरं कसं करायचं? चुना फासायचा का?" आण्णा हसले. सोबत आलेले समितीतले दोघेही हसले. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या गाडग्यांकडे गेली. काळीभोर, एकावर एक रचलेली. साहेबांच्या डोळ्यांत आधी हेच भरेल, म्हणाले. एवढं पितळ लखलखतंय आणि यात मडकी कशाला? कोंडाबाईने सांगितलं, मीही सांगितलं, की सार त्यात होतं. एक दिवस पितळेत झालं तर काय बिघडणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या घरी कुणाला पितळेत शिजवताना त्यांनी पाहिलं नव्हतं. गाडगी परसात नेऊन ठेवायची असं ठरलं. नेणाऱ्या गड्याने ती नेली आणि उकिरड्यावर टाकली. सकाळी कोंडाबाई बघायला गेली तर खापऱ्या झालेल्या.

गुरुवारी तिने पहाटे उठून मिलोच्या भाकऱ्या थापल्या. सार लोखंडी कढईत केलं, पण कढई साठ मुलांना पुरणारी नव्हती. निम्म्याहून जास्त सार दोन मोठ्या पितळी पातेल्यांत गेलं. लगेच वाढलं तर फारसं बिघडत नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून ती आठ वाजताच मुलांना बसवायला निघाली.

आण्णांनी थांबवलं. साहेबांना पंगत बसलेली दिसली पाहिजे. रिकामी ताटं बघून ते काय लिहिणार?

नऊ वाजले, दहा वाजले. साहेब आले नाहीत. मुलं ओसरीवर ताटं मांडीवर घेऊन बसली होती. अकराच्या सुमाराला कोंडाबाई स्वयंपाकघराच्या बाहेर आली. परक्या माणसांसमोर ती सहसा येत नसे. आण्णा गावच्या चार माणसांबरोबर बसले होते. ती तिथे जाऊन उभी राहिली.

"आण्णा, पोरास्नी वाढू द्या. सार त्या भांड्यात ऱ्हाया नगं."

"साहेब वाटेत हायेत, बाई. पाथर्डीवरनं निघाले."

"मंग सार फेकून देते. कोरडी भाकर खातील."

"कोरडी भाकर साहेबांपुढं?" आण्णा चिडले नव्हते, थकलेले होते. "थोडी कळ काढ. साठ पोरांचं वर्षाचं जेवन हाय हे."

ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, आण्णा, बाई बरोबर सांगते आहे. ते म्हणाले, "तुमी बी, तात्या?" आणि रस्त्याकडे बघत राहिले. जीप एकच्या सुमाराला आली.

साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी कणगीत हात घातला, मोरी बघितली, पातेल्यांना बोट लावून बघितलं आणि मान डोलावली. पंगतीतून फिरले. मुलांना म्हणाले, लाजू नका, पोटभर घ्या. स्वतः काही खाल्लं नाही, पित्ताचा त्रास होता, चहा घेतला. म्हसू नावाचा एक बारका मुलगा होता, तिसरीतला, त्याचे आईबाप कारखान्यावर. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा त्याने सार दुसऱ्यांदा मागून घेतलं. तोंड वाकडं करून प्यायला. बाकीच्यांनीही तशीच तोंडं केली, पण सकाळपासूनची भूक होती. साहेबांनी शेरा लिहिला: स्वयंपाकघर नमुनेदार स्वच्छ. अनुदान चालू.

जीपची धूळ खाली बसायच्या आत पहिला मुलगा ओकला.

पुढचं फार लिहीत नाही. तासाभरात चाळीसेक मुलं ओसरीवर, अंगणात, मोरीपाशी वाकली होती. कढईतलं सार ज्यांच्या वाट्याला आलं ती नीट होती. त्यांनीच बाकीच्यांना धरून ठेवलं. पातेल्यांत उरलेल्या साराच्या कडेने हिरवट रेघ आली होती. पिण्याचं पिंप संध्याकाळपर्यंत संपलं. आण्णांनी आपल्या विहिरीत गडी उतरवून तळाचं पाणी वाट्यांनी उपसलं आणि बैलगाडीतून स्वतः आणलं. त्यांच्या धोतराला मुलांची घाण लागली होती, त्यांनी ते रात्रीपर्यंत बदललं नाही. हेही लिहून ठेवलं पाहिजे.

शुक्रवारी तिसगावहून डॉक्टर आले. पातेल्याच्या कडेला बोट फिरवून म्हणाले, कळकलेलं आहे, कल्हई कुठे आहे? मुलं बहुतेक सावरली होती. म्हसूला उलट्या थांबत नव्हत्या, त्याला धान्याच्या ट्रकमध्ये घालून नगरला इस्पितळात पाठवलं. आण्णांनी त्याच दिवशी कल्हईवाल्या चाँदभाईंना निरोप धाडला. ते बाजारांच्या फेरीवर होते, रविवारी सकाळी आले. अंगणात भट्टी पेटली आणि एकेक पातेलं पांढरं व्हायला लागलं.

भट्टी पेटल्यावर आण्णांनी मला कोठीच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं. गावात कुजबुज सुरू झाली होती, ऊसतोडीवर निरोप गेले होते, आईबाप यायला लागतील. कुणाचं तरी नाव घ्यावं लागेल.

"बाईला काढावं लागंल," ते म्हणाले.

मी म्हणालो, बाईने दोनदा सांगितलं होतं, माझ्यासमोर.

"मला म्हाईत हाय. म्हनून तर खोलीत बोलतोय तुमच्याशी, चावडीवर न्हाई." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "भांड्यामुळं झालं म्हटलं की साहेबांचा शेरा खोटा पडतो. शेरा खोटा पडला की अनुदान गेलं. एका बाजूला साठ पोरं हायती, एका बाजूला एक बाई. तुमी हिशेबी मानूस, तुमीच सांगा."

मी सांगितलं की हा हिशेब मला मान्य नाही आणि विचारलं तर मी बाहेर खरं बोलेन. ते म्हणाले, बोला. त्यात धमकी नव्हती.

दहा-साडेदहाला अंगणात तीसेक माणसं जमली. म्हसूची आई आदल्या रात्री उसाच्या ट्रकवर बसून निघाली होती, ती तशीच येऊन पोचली. कोयता कमरेला तसाच खोचलेला. आण्णांनी चार वाक्यांत सांगितलं: रांधण्यात हयगय झाली, बाईला कामावरून काढलं आहे. कोंडाबाई शेवग्याच्या बुंध्याशी उभी होती.

मी पुढे होऊन बोललो. कल्हई उडाली होती, डिसेंबरात पैसे मागितले होते, गाडगी फुटली, सार पाच तास पितळेत राहिलं, बाईने दोनदा हटकलं. मग एका म्हाताऱ्याने भट्टीजवळचं एक पातेलं उचललं, आत बघितलं आणि सगळ्यांना दाखवलं. "भांडं तर पांढरंफेक हाय."

चाँदभाई भाता थांबवून म्हणाले, "बाबा, ते आत्ता मीच केलंय. हे बघा, हे राहिलेलं." त्यांनी कल्हई व्हायचं शेवटचं पातेलं उचलून तिरकं धरलं. ऊन आत पडलं आणि पितळ झळाळलं. मुलांनी वाळूने किती मन लावून घासलं होतं ते दिसत होतं.

"हे तर त्याहून सोच्छ हाय," म्हातारा म्हणाला. "सोन्यावानी."

माणसं माना डोलवायला लागली. चाँदभाई पुन्हा समजावू लागले, मीही. पण कल्हई म्हणजे काय हे त्या घटकेला कुणाला शिकायचं नव्हतं. पांढरं भांडं स्वच्छ, पिवळं भांडंही स्वच्छ, मग खोट हातात, एवढं त्यांना पुरलं.

म्हसूची आई माझ्यासमोर आली. "मला भांडं नगं दावू, भाऊ. माझं पोर कुठं ठिवलंय ते सांग." मी इस्पितळाचा पत्ता सांगितला. ती जाताना कोंडाबाईसमोर क्षणभर थांबली. शिव्या देईल असं वाटलं. तिने फक्त तिच्या हातांकडे बघितलं, बोटांकडे, आणि गेली.

म्हसू वाचला. आठवड्याने तिने त्याला इस्पितळातून परस्पर कारखान्यावर नेलं. तो पुन्हा शाळेत आला नाही. दोन वर्षांनी मी त्याला तिसगावच्या बाजारात बैलगाडी हाकताना पाहिलं. त्याने ओळखलं, हसला. आता लिहायला येतं का, हे विचारायचं माझ्या मनात होतं, विचारलं नाही.

कोंडाबाईला मग गावात कुणी लग्नकार्याला रांधायला बोलावलं नाही. तिच्या हातचं नको, एवढंच म्हणायचे. ती पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेली, दुष्काळ संपल्यावर शेतात रोजाने. बोर्डिंग चाललं, अजून चालतं. साठ मुलं त्या वर्षी जेवली, त्यातली काही आज नोकरीत आहेत. आण्णांचा हिशेब त्या अर्थाने बरोबर आला. मला तो तेव्हा मान्य नव्हता आणि आज वय वाढल्यावरही नाही. मी तिथे आणखी चार वर्षं काम केलं. वाळू फक्त भांड्याच्या बुडाला, बाहेरून. आतून चाळलेली गोवरीची राख आणि घोसाळ्याची जाळी, पाणी असो वा नसो. आंबट मातीत. आणि दर दसऱ्याला पातेलं उजेडात तिरकं धरून बघायचं. ही युक्ती वरच्या यादीत मुद्दाम लिहिली नव्हती.

त्या रविवारचं थोडं राहिलं. माणसं पांगल्यावर मी कोंडाबाईला तिचा पगार दिला. महिन्याचे चाळीस, अठ्ठावीस दिवसांचे छत्तीस रुपये तेरा पैसे. मी पुन्हा एकदा आण्णांकडे जातो असं म्हटलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, तात्या. तुमच्या घरात पाच ताटं मांडावी लागत्यात. माझं एकच हाय." पैसे पदरात बांधून ती गेली.

अर्ध्या तासाने परत आली. हातात तिचं स्वतःचं पातेलं होतं, लहानसं, बहुतेक लग्नातलं. आतून पिवळं. ती चाँदभाईंच्या भट्टीसमोर उकिडवी बसली आणि ते पुढे ठेवलं.

"येवढं करा."

चाँदभाईंनी ते उलटंपालटं केलं. "कोंडाबाई, तुमच्याकडं आता काय शिजनार यात? राहू द्या, फुरसतीनं करू."

"आजच करा. उद्या घरी कुनी आलं तर भांडं दाखवायला पायजे."

त्यांनी भाता मारला, नवसागर टाकला. पांढरा धूर तिच्या तोंडावर आला, ती मागे सरली नाही. भांडं झाल्यावर तिने ते उन्हात तिरकं धरून आत बघितलं, जसं नोव्हेंबरात मला दाखवलं होतं तसं. मग पदराची गाठ सोडली. चाँदभाई नको म्हणत होते, हात मागे घेत होते. तिने पैसे भट्टीच्या दगडावर ठेवले.

सात भांड्यांचे एकतीस रुपये चाँदभाईंना समितीकडून त्याच दिवशी मिळाले. आण्णांनी रक्कम विचारलीसुद्धा नाही. आठव्या भांड्याचा दीड रुपया चाँदभाईंना कोंडाबाईकडून.